गुंठा, फूट आणि मीटर : दिव्यातून दिसणारी मापं

दिवा पूर्वेला सकाळी दहाच्या सुमाराला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहून पाहा. पहिलं गिऱ्हाईक सुतार असतं. त्याला 'आठ बाय चारचं अठरा एमएम प्लाय' हवं असतं. म्हणजे एकाच फळीची लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलिमीटरमध्ये. मग प्लंबर येतो : पाऊण इंची पाइप, दहा फूट. त्यामागून सेंट्रिंगवाला तीन सुती सळई मागतो. दुकानदार त्याच्यासमोर दहा मिलिमीटरची सळई ठेवतो आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. शेवटी एखाद्या काकू येतात, 'दीड इंची खिळे, पाव किलो' घेऊन जातात. इंच इंग्रजांचा, किलो फ्रेंचांचा, पाव आपला. तिघांचा हिशेब एका कागदी पुडीत मावतो.

भारतात दशमान पद्धत आली १९५० च्या दशकाच्या अखेरीला, आणि १९६२ पर्यंत देशभर सक्तीची झाली, असं आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे. ज्या देशानं आपल्याला फूट आणि पौंड शिकवले तो ब्रिटन या बाबतीत आपल्या मागून आला. त्यांनी दशमानाकडे वळायचं ठरवलं १९६५ मध्ये, नाणी बदलली १९७१ मध्ये, आणि रस्त्यावरच्या पाट्या अजूनही मैलांतच आहेत. आपल्याकडे मैल फक्त 'मैलाचा दगड' एवढ्यापुरता उरला. तरीही साठ वर्षं उलटल्यावर दिव्यातलं घर फुटांत विकलं जातं, जमीन गुंठ्यांत, रेती ब्रासमध्ये आणि सोनं तोळ्यांत. काय बदललं, काय बदललं नाही, आणि या दोन मापांच्या मधल्या फटीत कुणाचं काय पडतं, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हात, मूठ, पायली

इंग्रजांच्या आधी माप म्हणजे माणसाचं शरीर. सभासदाच्या बखरीत शिवकाळातल्या जमीनमोजणीच्या काठीचं माप दिलेलं आहे : पाच हात आणि पाच मुठी, म्हणजे ८२ तसू. हात चौदा तसूंचा. अशा वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की काठीचं मूळ शरीरात असलं, तरी ती तसूंत बांधून ठरवून दिलेली आहे. मोजणाऱ्याचा हात लांब की आखूड, यावर रयतेचा सारा ठरू नये, ही काळजी तेव्हाही होती.

धान्याचं माप पोटाशी जोडलेलं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. ही वजनं नव्हेत, भांड्यांची मापं. दिवा, दातिवली, साबे, आगासन, म्हातार्डी, बेतवडे या खाडीकाठच्या गावांमध्ये भातशेती होती, पलीकडे खाजणं आणि मिठागरं. भात मोजायचं ते पायलीनं. पायली शिगोशीग भरायची की फळीनं सपाट करायची यावर भांडणं होत. देताना सपाट आणि घेताना शीग, ही सावकाराची जुनी रीत. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग काही हवेतून आलेला नाही.

शिवाय नाव एक असलं तरी माप एक नसायचं. मुंबईच्या बाजारातला जुना मण २८ पौंडांचा. बंगालातला, जो पुढे रेल्वेनं आणि सरकारनं उचलून धरला, तो ८२ पौंडांहून थोडा जास्त. म्हणजे 'एक मण' एवढंच सांगून मुंबईहून माल पाठवला, तर पलीकडचा माणूस तिपटीचा माल उतरवायला गाड्या घेऊन येऊ शकला असता. वीस मणांची खंडी, म्हणजे ५६० पौंड. पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची. कापसाचा वायदा आजही खंडीत बोलला जातो आणि ती ३५६ किलोंची धरतात. कुणी या आकड्याचं कारण विचारलं, तर ते असं पौंडांत दडलेलं आहे.

या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट सर्वांच्या हातात सारखी होती, ती म्हणजे रुपया. १८३५ नंतर कंपनी सरकारचा चांदीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोब्बर एक तोळा, असा ठरला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. त्यामुळे वजन नसलं तर तराजूच्या पारड्यात रुपये टाकून काम भागे. खिशातलं नाणं हेच सरकारी प्रमाण. इतकी सोपी आणि इतकी लोकांच्या हातातली वजनाची पद्धत नंतर पुन्हा आली नाही.

रुळांमधलं अंतर

दिव्याचा आणि इंग्रजी फुटाचा पहिला मोठा संबंध आला तो रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, मार्ग कल्याणपर्यंत गेला. खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, मुंब्र्याच्या कडेनं तो दिव्याच्या भातखाचरांतून पुढे सरकला. डोंगर फोडून केलेला पारसिकचा बोगदा फार नंतरचा, १९१६ चा.

या रुळांमधलं अंतर ५ फूट ६ इंच. इंग्लंडात तेव्हा ४ फूट साडेआठ इंचांची चाल पडली होती. गव्हर्नर जनरल डलहौसीला त्याहून रुंद, सहा फुटांचे रूळ हवे होते. घासाघीस होऊन मधला आकडा ठरला. आज रेल्वेच्या कागदांवर तो १६७६ मिलिमीटर असा लिहितात. आकडा बदलला, रूळ तिथेच आहेत.

खरी गंमत पुढची आहे. १८७० च्या सुमाराला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारनं दोन निर्णय घेतले. एक, स्वस्तात रेल्वे वाढवण्यासाठी अरुंद रूळ वापरायचे. दोन, हिंदुस्थानात फ्रेंच मेट्रिक पद्धत आणायची. १८७१ मध्ये तसा कायदाही झाला. त्यात नवा शेर हा बरोबर एक किलोग्रॅमचा ठरवला होता. देश लवकरच मेट्रिक होणार, मग नवे रूळ तरी फुटांत कशाला, म्हणून अरुंद रुळांचं अंतर सव्वातीन फुटांवरून थोडं सरकवून एक मीटर केलं. हेच ते मीटरगेज. फेब्रुवारी १८७२ मध्ये मेयोची अंदमानात हत्या झाली. किलोच्या शेराचा कायदा पुस्तकातच पडून राहिला. तराजूत किलो यायला आणखी नव्वद वर्षं लागणार होती, रूळ मात्र मीटरचे पडले. इंग्रजांच्या राज्यात, फुटांच्या काळात, हजारो मैल मीटरगेज. हैदराबादेहून मनमाडला येणारी गाडी मीटरगेज होती, पुणे-मिरजही पूर्वी मीटरगेज.

स्वतंत्र भारतानं मीटर स्वीकारला आणि १९९२ पासून 'युनिगेज' धोरणाखाली मीटरगेज उखडायला सुरुवात केली. देश मीटरचा झाला तेव्हा मीटरचे रूळ गेले आणि साडेपाच फुटांचे टिकले. इतिहासाला कधीकधी असा खोडकरपणा सुचतो.

दिव्यात या गोष्टीचा पुढचा भाग अजून लिहिला जातो आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक म्हातार्डीला होतं आहे. ही गाडी जपानी तंत्रज्ञानाची, तिचे रूळ १४३५ मिलिमीटरचे. म्हणजे पुन्हा तेच, स्टीफन्सनचे ४ फूट साडेआठ इंच. दिव्याच्या एका अंगाला डलहौसीच्या काळातली तडजोड आणि दुसऱ्या अंगाला इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींकडून आलेलं माप. दोन्हींना कागदावर मिलिमीटरचा अंगरखा.

साखळी

रेल्वेच्या आधी काही वर्षं दख्खनमध्ये आणखी एक मोजणी सुरू झाली होती. १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी पाहणी हाती घेतली, आणि तिची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. तिचं हत्यार होतं साखळी. इंग्लंडातली गुंटरची साखळी ६६ फुटांची. इथे तिच्या निम्मी, ३३ फुटांची वापरली. तिचे भाग केले सोळा, आणि त्यांना नाव दिलं 'आणा'.

३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. हा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. सोळा आण्यांचा एक गुंठा. एकर इंग्रजी, आणा देशी, आणि मध्ये गुंठा. आज आपण ज्या गुंठ्याला शेतकऱ्याचं अस्सल गावरान माप समजतो, त्याच्या पोटात इंग्रजी फूट आहे. त्यात मीटर बसवायला गेलं की १०१.१७ चौरस मीटर असा वाकडा आकडा येतो.

आणि इथे नशिबानं एक योगायोग घडला. मेट्रिक पद्धतीत जमिनीसाठी हेक्टर, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे 'आर'. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१.१७, आर १००. फरक जेमतेम सव्वा टक्क्याच्या आत. त्यामुळे सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी शेतकऱ्यानं मनातल्या मनात आरलाच गुंठा म्हणायला सुरुवात केली. सरकारनं माप बदललं, लोकांनी नाव बदललं नाही, आणि दोघांचं बरं चाललं. एका एकरात हा फरक जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा. भातखाचराच्या बांधाएवढा. बांधावरून खून पडतात हे खरं, पण आर आणि गुंठ्यावरून सहसा पडले नाहीत.

कायद्यालाही गुंठा सोडता आला नाही. शहरांभोवतीच्या शेतजमिनींचे बेकायदा तुकडे पाडून जी घरं झाली, ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये राज्यानं कायदा केला. त्याचं नाव महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम. मेट्रिक देशातल्या एका राज्याचा कायदा, आणि त्याच्या नावातच ३३ फुटांची साखळी.

नया पैसा आणि पाव किलो

१ एप्रिल १९५७ ला नया पैसा आला. त्याआधी रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. आता १०० नये पैसे. अडचण अशी की १६ नी १०० ला नीट भाग जात नाही. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा पैसे, दोनचे बारा, तीनचे एकोणीस आणि चारचे पंचवीस असे ठरले. सुट्ट्या खरेदीत पाव पैसा कधी गिऱ्हाइकाचा जायचा, कधी दुकानदाराचा. पाव पैशाची आज चेष्टा वाटेल. तेव्हा एका पैशाला किंमत होती. 'नया' हा शब्द १९६४ मध्ये गळला. चार आण्यांचं नाणं, म्हणजे २५ पैसे, ३० जून २०११ पर्यंत कायदेशीर चलन होतं. आणा स्वतः त्याच्या कितीतरी आधी गेला, पण सोळा आणे खरं बोलणारा माणूस आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला अजून हयात आहेत.

वजनमापांचा नवा कायदा डिसेंबर १९५६ मध्ये झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून ठिकठिकाणी आणि धंद्याधंद्यांत टप्प्याटप्प्यानं अंमल सुरू झाला, आणि १ एप्रिल १९६२ पर्यंत जुनी वजनं वापरणं गुन्हा ठरला. भारतीय मानक संस्थेचे पहिले संचालक लाल चंद वर्मन हे या कामातल्या मुख्य माणसांपैकी एक. गावोगावचे तराजू, लाखो दुकानं, निरक्षर गिऱ्हाईक. जगात एवढ्या मोठ्या लोकवस्तीत असं काम क्वचितच झालं होतं.

आणि वजनाच्या बाबतीत ते यशस्वी झालं, निर्विवाद. का झालं, हे पाहण्यासारखं आहे. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून फक्त सातेक टक्क्यांनी मोठा. शेराच्या जागी किलो बसला, तेव्हा हाताला फारसा फरक जाणवला नाही. पावशेर २३३ ग्रॅमचा होता, पाव किलो २५० चा. सतरा ग्रॅम म्हणजे कांद्याची एक चकती.

दुसरं, किलोला मराठीनं लगेच आपल्या पद्धतीनं कापलं. दशमान म्हणजे दहांचे भाग. पण बाजारात ना कुणी दोनशे ग्रॅम मागत होतं, ना तीनशे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकलेली पिढी गल्ल्यावर बसली होती. तिनं एक हजाराचे चार भाग करून टाकले. कायदा दशमानाचा, जीभ चौथाईची. आजही भाजीवाली 'पन्नासला पाव' असंच ओरडते. दारूच्या दुकानात तर १८० मिलीलिटरला 'क्वार्टर' म्हणतात, आणि ती ७५० च्या बाटलीची नीट चौथाईसुद्धा नसते.

सोन्यात मात्र वेगळंच झालं. तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा, ९६ गुंजांचा. एकेकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर चोरून उतरणारं बिस्कीट दहा तोळ्यांचं, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचं असे. सोनाराच्या दुकानात आज 'तोळा' म्हटलं की दहा ग्रॅम धरतात. नाव राहिलं, माप आक्रसलं. घरात आजीची पाटली 'चार तोळ्यांची' असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले असतील, तर कुठल्या तोळ्याच्या, हे आधी विचारून घ्यावं. जुन्या तोळ्याच्या असतील तर ती साडेशेहेचाळीस ग्रॅमहून थोडी जास्त भरायला हवी. चाळीस नव्हे.

जे रोज संपतं आणि जे उभं राहतं

मग फूट का गेला नाही? माझा अंदाज असा. जे रोज विकत घेतलं जातं आणि रोज संपतं, त्याचं माप पटकन बदलतं. कांदे, दूध, रॉकेल, साखर. आज शेरानं घेतलं, उद्या किलोनं. परवापर्यंत जुनं काही शिल्लकच राहत नाही. पण जे एकदा बांधलं की उभं राहतं, ते आपलं माप धरून ठेवतं. जुन्या दाराला नवी बिजागरी लावायची तर ती जुन्या मापाचीच लागते. अर्ध्या इंची नळाच्या आट्यांवर अर्ध्या इंचाचीच तोटी बसते. सुताराच्या हातातला गज, गवंड्याची चार इंची आणि नऊ इंची भिंत, आठ फुटी फळी, ही एकमेकांना धरून उभी असतात. त्यातलं एकच बदलता येत नाही.

सूत हे त्यातलं सर्वांत चिवट. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. सळया कारखान्यातून आठ, दहा, बारा मिलिमीटरच्या येतात. साइटवर त्या अडीच, तीन, चार सुती होतात. बारा मिलिमीटर आणि चार सूत यांत पाऊण मिलिमीटरचा फरक आहे, पण सेंट्रिंगवाल्याला तो ठाऊक असतो आणि आरसीसीचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरलाही. दोघांच्या भाषा वेगळ्या, सळई एकच.

रेतीचं तर सरकारनंच सोडलेलं नाही. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. मुंब्र्याच्या रेतीबंदरावर खाडीतून काढलेली रेती वर्षानुवर्षं ब्रासनं मोजली गेली. वैधमापनाचा २००९ चा कायदा सांगतो की व्यवहारात आणि जाहिरातीत प्रमाणित एककाशिवाय दुसरं एकक वापरू नये. आणि २०२३ च्या वाळू धोरणात राज्य सरकारनं जाहीर केलेला दर होता, ६०० रुपये ब्रास.

शरीराचंही तसंच. वजन किलोत, उंची फुटांत. हवेचं तापमान सेल्सियसमध्ये, पण कपाळाचं फॅरेनहाइटमध्ये. 'पोराला १०२ ताप आहे' म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो, '३८.९' म्हटलं तर तो येत नाही. साडी मीटरनं फाडून देतात, पण ती नऊवारीच. नऊ वार म्हणजे नऊ यार्ड, सव्वाआठ मीटर. सव्वाआठमीटरी असा शब्द कुणी करणार नाही, आणि करू नये.

पण मीटरही आठवणीत शिरतो, त्याला कारण मिळालं तर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला पाऊस ९४४ मिलिमीटर होता. आधीची पिढी पाऊस इंचांत सांगायची. त्या दिवशी रुळांवरून चालत घरी आलेल्या माणसाला ९४४ हा आकडा पाठ असतो, आणि ३७ इंच म्हणजे काय हे त्याला विचारावं लागतं. माप अंगावरून गेलं की ते आपलं होतं.

फटीत काय पडतं

इथवर सगळं गमतीचं आहे. पण दिव्यात माप हा गमतीचा विषय नाही, कारण इथे माणसं आयुष्याची कमाई काही चौरस फुटांसाठी मोजतात.

'गुंठा म्हणजे हजार फूट' असं इथे सर्रास बोललं जातं. हिशेबाला सोपं. पण गुंठा १०८९ चौरस फुटांचा. शेतकऱ्याकडून गुंठ्यानं घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला हजार फुटानं द्यायचं, तर प्रत्येक गुंठ्यामागे ८९ फूट मधल्या माणसाच्या हातात राहतात. एका एकरात ३५६० फूट, म्हणजे सव्वातीन गुंठे. कुणी म्हणेल, त्यात रस्ता आणि गटार जातं. जात असेल. पण मग रस्त्याची जागा कुणी दिली, हे एकदा सांगावं. ती शेतकऱ्यानं दिली की खोली घेणाऱ्यानं, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते 'सोप्या हिशेबात' गेलेलं असतं. तीन गुंठ्यांमागे हा सोपेपणा २६७ फुटांचा होतो.

२६७ या आकड्यावर जरा थांबू. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात घराचं माप आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं, मग ३००. यातला मधला आकडा इतका विचित्र का? कारण तो फुटांचा नाहीच. तो २५ चौरस मीटर आहे, आणि फुटांत आणल्यावर २६९ होतो. २२५ आणि ३०० हे फुटांत गोल आकडे. मीटरमध्ये ते २०.९० आणि २७.८७ असे वाकडे होतात. म्हणजे गरिबाचं घर किती मोठं असावं, हे ठरवताना एकदा फुटानं विचार झाला, एकदा मीटरनं, पुन्हा फुटानं. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांसाठी ३० चौरस मीटर. लोक त्याला ३२३ फूट म्हणतात. घराच्या मापात माणूस किती आणि पट्टी किती, असा प्रश्न पडतो.

२०१७ पासून राज्यात महारेरा आलं आणि करारात चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिणं पक्कं झालं. हे चांगलं झालं. बिल्टअप, सुपर बिल्टअप अशा फुगवलेल्या फुटांमधून ग्राहकाची सुटका करायची, तर एक ठाम व्याख्या आणि एक ठाम एकक हवंच. पण ३८.५ चौरस मीटर हे ऐकून किती जणांच्या डोळ्यांसमोर खोली उभी राहते? ग्राहक सही मीटरवर करतो आणि विचार फुटांत करतो. मधलं भाषांतर, १०.७६४ नं गुणणं, हे विकणाऱ्याच्या टेबलावर, विकणाऱ्याच्या कॅल्क्युलेटरवर होतं. गुणाकार बरोबर असेलही. पण ज्याला आपलं घर किती मोठं हे दुसऱ्याकडून ऐकावं लागतं, तो व्यवहारात एक पाऊल मागेच असतो. सपाट पायली आणि शिगोशीग पायली यांतलं जुनं भांडण हेच होतं. मापाच्या भांड्यापेक्षा ते भरतो कोण, याला महत्त्व होतं.

आणि चाळीत तर महारेराचा संबंधच नसतो. आमची पहिली खोली कागदावर 'दहा बाय पंधरा' होती. दीडशे फूट. दाखवणाऱ्या एजंटानं तसं सांगितलं, आम्ही तसं मानलं, पैसे दिले. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी वडिलांनी लोखंडी टेप आणली. मोरीच्या भिंतीपासून दारापर्यंत मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. आतून नऊ फूट सात इंच आणि चौदा फूट चार इंच. १३७ फूट. तेरा फूट चारी भिंतींत गेले होते. म्हणजे ज्या भिंतींना आम्ही टेकून बसणार होतो, त्यांचेही पैसे आम्हीच दिले होते.

त्या टेपची वरची कड इंचांची होती, खालची सेंटिमीटरची. शाळेत सेंटिमीटर शिकत असल्यामुळे मी खालची कड वाचली : २९२ आणि ४३७. गुणाकार केला तर पावणेतेरा चौरस मीटर आले. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, 'फुटांत सांग.' फुटांत सांगितलं. त्यांनी मान हलवली, टेप गुंडाळली आणि पेटीत ठेवून दिली. एजंटाकडे ते गेले नाहीत. दुसरी खोली घेताना मात्र टेप आधी बाहेर निघाली आणि पैसे नंतर.

टेप अजून आहे. वरची कड झिजून आकडे पुसट झालेत, खालची जवळजवळ नवी आहे. खालच्या कडेवर माझ्या मुलीनं परवा आपली उंची मोजली आणि येऊन सांगितलं, एकशे बेचाळीस. मी विचारलं, म्हणजे किती फूट? ती म्हणाली, 'ते तुम्ही बघा ना, बाबा.'